आंदणाचा टीव्ही आणि सेठचा कॉम्प्युटर

आमच्या समोरच्या खोलीत दहा महिने एक टीव्ही खोक्यातच उभा होता. ताईच्या लग्नात आंदण म्हणून द्यायला बाबांनी तो आधीच आणून ठेवला होता. कपाट, दिवाण, भांडी लग्नाच्या आठवड्यात यायची होती. गोंदियाहून येताना मामाच्या गाडीत जागा होती म्हणून टीव्ही तेवढा अगोदर आला. मग ताईचं नाव पोलीस भरतीत लागलं. सोयऱ्यांकडून निरोप आला की वर्दीवाली सून आमच्या घरी चालायची नाही, एक काहीतरी धरा. ताईनं नोकरी धरली. बाबांनी त्या गावात दहा माणसांत बसून सुपारी फोडली होती, शब्द दिला होता. त्यांनी ताईला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. ती ट्रेनिंगला निघाली तेव्हा ते बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर होते आणि संध्याकाळपर्यंत घरी आले नाहीत.

तो खोका मग घरातल्या एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखा बसून राहिला. बाबा त्याच्याकडे बघत नसत आणि कोणाला हातही लावू देत नसत. माय पावसाळ्यात त्याच्यावर ओले कपडे वाळत घालायची, हिवाळ्यात त्याच्या आडोशाला लाखोळीच्या डाळीचा डबा ठेवायची. उघडायचं मात्र नाव नव्हतं. उघडला म्हणजे आता लग्न होत नाही, असं सगळ्यांनी मिळून कबूल केल्यासारखं झालं असतं.

आमचं गाव सौंदड स्टेशनपासून दोन कोसांवर. हवा तिकडची असली की गाडीचा भोंगा घरात ऐकू यायचा आणि मायचं कामातलं लक्ष उडायचं, कारण ताई त्याच गाडीनं गेली होती. घरात बाबा, माय, मी, दोन बैल, एक गाय आणि मोजता न येणाऱ्या कोंबड्या. सकाळी शिळा भात, वर कांदा आणि सुक्या झिंग्यांची चटणी. दुपारी त्याच चटणीबरोबर ताजा भात. आज मी ज्या शहरात राहते तिथं पाच-पन्नास तऱ्हेचा भात मिळतो, पण त्या चटणीचा वास आला तर शेजारीण दार लावून घेते. मी तरी करतेच, सुटीच्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून.

मी दहावीत गणितात आणि इंग्रजीत नापास झाले होते. दुसऱ्यांदा पेपर द्यायला निघाले, सौंदडला उतरले, आणि स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. काही केल्या उठताच येईना. पेपरची वेळ निघून गेल्यावर पाय हलले. घरी येऊन सांगितलं तर बाबा एवढंच म्हणाले, “गाय बांधली नाही अजून.” माझ्या शाळेचा विषय तिथं संपला. लोकांना हे कठोर वाटेल. मला आजही वाटतं की ते वाक्य म्हणजे त्यांनी माझ्यावर केलेली मोठी माया होती.

त्यानंतर मी स्टेशनबाहेरच्या ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला लागले. मालक गोंदियाचे, हिंदी बोलणारे; त्यांना सगळे सेठ म्हणत. दिवसभर सातबारा, जातीचे दाखले, भरतीचे फॉर्म. ताईचा फॉर्मही मीच भरला होता, आणि ही गोष्ट बाबांना माहीत आहे की नाही या भीतीनं मी कितीतरी दिवस जेवताना मान वर केली नव्हती. दुकानातला प्रिंटर बिघडला की सेठ मलाच तो उघडायला लावत. सेठ म्हणायचे, “हाथ काँपता है तो काँपने दे, बेटा. बिजली बंद करके खोल, फिर मशीन तेरा कुछ नहीं बिगाड़ती.” मला पुढं ज्यांनी कामाला ठेवलं त्यांच्यातल्या कोणीही याहून मोठं शिक्षण मला दिलेलं नाही.

ताईचा फोन रविवारी यायचा. फोन एकच, मायचा, काचेला तडा गेलेला. घंटी वाजली की बाबा सपरीतून, म्हणजे पुढच्या ओट्यावरून, उठून गोठ्यात जायचे. ट्रेनिंग संपत आलं तेव्हाच्या एका रविवारी मायचे हात पिठात होते, म्हणून फोन मी घेतला.

“छोटे, परेड हाये पुढच्या महिन्यात,” ताई म्हणाली. “दोघा जणाईले पास भेटते. बाबा येत नाही, माहीत हाये मले, आणि बाबांबिगर माय येत नाही. पण मोबाईलवर लाईव्ह दाखवतात.”

“आणि मंग? सुट्टी भेटते का?”

“पंधरा दिवस. पण मी घरी येत नाही.”

“काऊन वो?”

“मी फोन केला का बाबा उठून जातात नं. त्यांच्या चपलांचा आवाज मले इथं ऐकू येते.” तिनं आवाज बारीक केला. “एक शब्द बोलले तं येतो. नाही तं सरळ ड्युटीवर जातो. मायले नको सांगू.”

मी मायला सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून माझं जेवण अर्ध्यावर आलं. एकदा ती अशी परस्पर ड्युटीवर गेली की पुढच्या सुटीलाही तशीच जाईल, मग सवय होईल, हे मला दिसत होतं. आमच्या घरात माणसं भांडून तुटत नाहीत. न बोलता न बोलता सरकत जातात.

बाबांनी परेड पाहायला हवी होती. पण मोबाईलवर ते पाहणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. मोबाईल हातात घ्यावा लागतो, डोळ्यांजवळ धरावा लागतो. म्हणजे मला पाहायचं आहे असं सगळ्यांसमोर सांगितल्यासारखं होतं. टीव्हीचं तसं नसतं. जाता-येता दिसतो. पाणी प्यायला आत आलो आणि दिसलं, असं म्हणता येतं. माझ्या बापाला तेवढी वाट ठेवायला हवी होती.

टीव्ही होता, पण साधा. इंटरनेट लागणारा नव्हता. आणि सेठच्या दुकानात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर पडला होता, पांढऱ्याचा पिवळा झालेला. त्याच्यावर आता फॉर्मची वेबसाईट उघडत नव्हती, म्हणून नवा आणला होता. मी दोन दिवस त्याच्याभोवती झाडू मारत राहिले. तिसऱ्या दिवशी सेठच म्हणाले, “क्या चाहिए? बोल दे, नहीं तो फर्श घिस जाएगा.” मी सांगितलं. त्यांनी तो माझ्या हवाली केला, वर दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधली मेमरीची पट्टी काढून दिली आणि एक जुना स्पीकरही दिला. जोडीतला एकच चालत होता.

पुढचे आठ दिवस मी जगले कशी ते मला सांगता येणार नाही. जुनी विंडोज पुसून लिनक्सची एक हलकी, फुकट मिळणारी जात त्यात टाकायची होती. दुकानातल्या नव्या मशीनवर मी ती पेनड्राईव्हवर घेतली. ‘सर्व काही पुसले जाईल’ असा इशारा पडद्यावर आला तेव्हा मी उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आले, तरी इशारा तसाच. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. पुसलं गेलं, नवं बसलं, आणि ज्या मशीनला आधी नुसतं उठायला दहा मिनिटं लागत ती चार मिनिटांत उठून व्हिडिओ दाखवायला लागली. चालू केलं की थेट व्हिडिओचंच पान उघडेल, अक्षरं मोठी दिसतील, एवढंही मी करून ठेवलं. सेठनी पेढे आणले नाहीत, पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, “ये लड़की ने मुर्दा उठाया है.”

कॉम्प्युटरचा तो डबा मोटारसायकलवर, गोणपाटात बांधून घरी आणला. बाबा बांधीवर होते. माय एकदा त्या डब्याकडे आणि एकदा खोक्याकडे बघत राहिली. मी काय करायचं म्हणते ते तिला सांगितलं; ताईची अट तेवढी गाळली.

“फोड तो खोका,” माय म्हणाली.

“आणि बाबा?”

“त्याईले मी पाहून घेतो. दहा महिने झाले कपडे वाळवून राहिलो त्याच्यावर. टीव्ही हाये का दोरी हाये?”

आमच्याकडे नेटवर्क फक्त एका खिडकीशी यायचं. तिथं फोन पिशवीत घालून गजाला टांगायचा आणि वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा, की फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळायचं. वायर हातभर. म्हणून टीव्हीची जागा खिडकीनं ठरवली. स्टूलवर टीव्ही, शेजारी पाटावर डबा, दोन्हींच्या मध्ये निळ्या तोंडाची केबल. बाबा आले तेव्हा पडद्यावर कुठलंसं कीर्तन चालू होतं. ते दारात उभे राहिले. मायनं पदर खोचला, भांडायच्या तयारीनं. बाबांनी माठातलं पाणी घेतलं, प्यायले, तांब्या पालथा घातला.

“खोका कोठी हाये?”

“सपरीत,” मी म्हटलं.

“थर्माकोल गाईच्या पुढं जाऊ देऊ नका. खाऊन टाकते.”

एवढंच. दोन दिवसांनी त्या खोक्यात पेंढा टाकून त्यांनी कोंबडी अंड्यावर बसवली. मायनं माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या.

पुढचा महिना आमच्या घराला लागलेली ती आवाजाची सवय मला अजून आठवते. माय सकाळी तेंदूपत्ता तोडून यायची, येताना पदरात मूठभर टेंभरं, तेंदूची फळं, आणायची, आणि दुपारी पुडके बांधताना मंडईतल्या, म्हणजे जत्रेतल्या, दंडारी लावायची. दंडार म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव होणारा गाण्या-नाचाचा खेळ. कोणीतरी मोबाईलवर टिपून नेटवर टाकलेला असायचा. माउस साडीवर सरकेना, स्टीलच्या ताटावर तर बाण नुसता थरथरायचा, म्हणून तिनं पोळपाट घेतला. डाव्या मांडीवर पोळपाट, त्याच्यावर माउस. बाबा आत येत नसत. सपरीत पाय पसरून दोरखंड वळत बसत. एकदा शेजारचे लोक आले म्हणून मायनं आवाज कमी केला, तर बाहेरून आलं, “बारीक कायले केला?” तिनं तो पुन्हा मोठा केला.

मला मात्र सुख नव्हतं. चालू मशीनसारखी भीती दुसरी नाही. बंद मशीन निदान बंद असते. मी दर तासाला पंख्याला कान लावायची. घरात उन्हाळी धान कापून आलेलं, मळणी चाललेली, कोंड्याची धूळ हवेत तरंगायची आणि डब्याच्या जाळीत जाऊन बसायची. मी ब्रशनं काढायची, ती पुन्हा बसायची. मायनं हे सगळं पाहून ठेवलं होतं.

परेडच्या दिवशी मी पहाटेपासून दोनदा अंघोळ केली. दुसऱ्यांदा कशासाठी ते माहीत नाही. वैशाखातलं ऊन, आठ वाजताच अंगण तापलेलं. बाबांनी अंगणात बियाण्याचं धान साफ करायला घेतलं होतं. वारा पडलेला होता. असा वारा नसला की एकानं टोपलीतून धान वरून सोडायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी सूप धरून हवा घालायची, फोल उडवायचं. वारा घालायचं काम बाबांचं. त्या दिवशी टोपली धरायला कोणी नव्हतं, तरी ते बसले होते, धानाकडे बघत. मी खिडकीशी फोन वरखाली करून नेटवर्क शोधत होते. मायनं आत डब्याची पूजा केली, हळदकुंकू लावलं, आणि गेले पंधरा दिवस माझ्यापासून लपवून विणलेलं क्रोशाचं नवं झाकण त्याला घातलं. लाल-पांढरं, कडेला नाडी असलेलं. धूळ कुठूनच जाऊ नये म्हणून मागून, पुढून, खालून गच्च आवळलेलं. मी पाहिलं, ‘छान झालं’ म्हटलं. माझं डोकं नेटवर्कमध्ये होतं. मशीनला श्वास लागतो हे मला माहीत होतं, आणि तरी मी छान झालं म्हटलं.

परेड सुरू झाली. मोठं मैदान, बँड, तुकड्यांवर तुकड्या. पडद्याजवळ तोंड नेऊन माय ताईला शोधत होती. “साऱ्या सारख्याच दिसून राहिल्या वो छोटे. आपली कोणती?” मुलींची तुकडी मैदानात शिरली, एका तालात वळली, आणि टीव्ही काळा पडला. एका स्पीकरमधून एक ‘टक्’ आला, बस.

मी डब्यावर हात ठेवला. झाकणावरूनसुद्धा चटका बसला. नाडीची गाठ सुटेना, दातांनी तोडली. मायनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला परेडहून तेच जास्त लागलं.

“माह्यानं झालं का वो?”

“नाही वो माय. गरम झाली फक्त.” चालू केली तर चार मिनिटं, आणि चालू झाली तरी अशी तापलेली मशीन किती टिकणार? तिच्या पंख्यातून एरवीही नुसती झुळूक यायची. मी पुठ्ठा शोधायला वळले, आणि दारात बाबा उभे होते. हातात सूप.

“सरक,” ते म्हणाले.

मी डब्याचा कडेचा पत्रा काढला आणि बटण दाबलं. बाबांनी एक पाय पुढं टाकला, दोन्ही हातांनी सूप धरलं आणि खळ्यात घालतात तशी हवा घालायला लागले. जोरात नाही, एका मापानं. पहिल्या झपाट्यात डब्यातला कोंडा उडून माझ्या डोळ्यात गेला. डबा भिंतीशी होता, त्यामुळं त्याला वारा घालायचा तर तोंड टीव्हीकडंच करावं लागत होतं. सुरुवातीला बाबा खाली, मशीनकडं बघत होते. पडदा उजळला. मग लिहिलेलं आलं, मग मैदान आलं, मुलींची तुकडी आता समोरून, अगदी जवळून चालत होती.

“आपली कोणती होय?” माय पुन्हा म्हणाली. “मले तं काहीच समजत नाही.”

“कडेची,” बाबा म्हणाले. “तिसरी रांग.”

आम्ही दोघींनी पाहिलं. कडेची, तिसऱ्या रांगेतली. तिचा डावा पाय किंचित बाहेर पडत होता, जसा आम्हा दोघी बहिणींचा पडतो, बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, डोक्यावर भाताचा डबा घेऊन चालून चालून. ट्रेनिंगवाल्यांनी दहा महिन्यांत तो सरळ केला होता, पण पुरता नाही. मायनं तोंडाला पदर लावला. तिकडं सलामी झाली, शपथ झाली. सूप थांबलं नाही. बाबांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला, आणि तो पुसायचा तर हात सोडावा लागला असता.

किती वेळ झाला कोण जाणे, पडद्यावरचं चित्र एकदम थिजलं. मला वाटलं गेली मशीन. पण खिडकीत टांगलेला फोन वाजत होता. फोन आला की आमचं नेट थांबायचं. ताई. मी तो पिशवीतून काढला, उचलला, आणि काय झालं मला, मी स्पीकरचं बटण दाबून बाबांच्या बाजूला धरला. बाबा जाऊ शकले असते. दार मोकळं होतं.

“माय?” ताईचा आवाज. मागं बँड, लोकांची गर्दी. “दिसली का वो मी?”

सूप एकदा हललं, दोनदा हललं.

“टोपी मोठी हाये तुले,” बाबा म्हणाले.

तिकडून नुसता बँड.

“सलाम मारतानी डोळ्यावर येऊन राहिली होती. आतून कपडा लावाले लागते. येशीन तवा घेऊन येजो, लावून देतो.”

“हो,” ताई म्हणाली. “मंगळवारी निघतो, बाबा.”

“गोंदियाले उतरून बस धरू नको. सौंदडपर्यंत ये. मी येतो टेसनावर.”

मग मायनं फोन ओढून घेतला आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या, एकीचं दुसरीला कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर नेट आलं आणि थिजलेलं चित्र पुढं सरकलं. मैदान रिकामं झालं होतं. दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. बाबा अजून वारा घालत होते.

“बस झालं, बाबा,” मी म्हटलं. “संपलं.”

“राहू दे,” ते म्हणाले. त्यांची नजर त्या खुर्च्यांवरून हटत नव्हती. “गरम हाये अजून.”